आधी कोणता दिवा लागला?

चित्रकलेच्या शिक्षकाला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवावी लागते. उजेड कोठून येतो ते आधी पाहा, मग पेन्सिल कागदाला टेकवा. रिसोडला गेली वीस वर्षे मी हे वाक्य मुलांना सांगत आलो आहे. टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि घडी घातलेला एक पंचा मांडावयाचा, एका अंगाच्या खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि विचारावयाचे, "बोला, उजेड कोणीकडून?" मुले उघड्या खिडकीकडे हात करतात. मग मी विचारतो, "आणि तांब्याच्या सावलीकडच्या अंगाला ही जी बारीक कड उजळली आहे, ती कशाने?" येथे वर्ग गप्प होतो. तो उजेड थेट खिडकीचा नसतो. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर पडतो, भिंतीवरून उलटतो आणि तांब्याच्या पाठीला लागतो. मी त्याला उसना उजेड म्हणतो. एलिमेंटरीच्या आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत ज्या मुलाला हा उसना उजेड दिसतो त्याचा तांब्या कागदावर गोल उठतो. ज्याला दिसत नाही त्याचा तांब्या कागदाला चिकटवल्यासारखा सपाट राहतो.

उजेडाविषयी इतके मला ठाऊक होते आणि इतके पुरे आहे अशी माझी समजूत होती. माझे शिक्षण मॅट्रिकचे. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. फावल्या वेळात दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या ओळखीच्या लोकांनी ओळखीखातर वाचल्या. तेव्हा प्रकाशाच्या प्रवासावर या माणसाने ऐन दिवाळीत का लिहावे, असे वाचकांना वाटल्यास त्यात त्यांची चूक नाही. पण गेल्या दिवाळीत माझ्या ओसरीवर बसून मी एक गोष्ट पाहिली, आणि एका जुन्या भांडणात माझे नेमके काय चुकले होते हे मला त्या दिवशी कळले. भांडण मिटून दोन वर्षे झाली होती. चूक मात्र सापडली नव्हती. मिटलेल्या भांडणातली न सापडलेली चूक पायात मोडलेल्या काट्यासारखी असते. वरून कातडी धरते, पण चालताना ठणका लागतोच.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला संगणकाच्या कामात आहे. पाडव्याच्या दिवशी तो नमस्काराला आला. फराळाचे ताट पुढे ठेवले, त्याने चिवड्याची मूठ तोंडात टाकली आणि पिशवीतून लॅपटॉप काढून म्हणाला, "सर, तुमचा उसना उजेड आज चालताना दाखवतो."

मी म्हणालो, "उजेड चालतो कुठला? दिवा लावला की खोली उजळते."

"सगळ्यांना तसंच वाटतं. संगणकालासुद्धा परवापरवापर्यंत तसंच वाटत होतं."

मग त्याने मला समजावून सांगितले. चित्रपटातले खोटे राजवाडे असोत, की घर बांधण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवावयाचे दिवाणखाने असोत, त्यांतला उजेड संगणक हिशेबाने काढतो. दिव्यातून निघालेला किरण कोठे आपटला, तेथून कोणीकडे उलटला, शेवटी डोळ्यापर्यंत किती उरला, अशी असंख्य किरणांची बेरीज करावयाची, की चित्र तयार. १९८६ साली जेम्स काजिया या अमेरिकन संशोधकाने या बेरजेचे समीकरण मांडले आणि पुढची सारी इमारत बव्हंशी त्यावर उभी राहिली. पण नेहमीच्या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे उजेडाला पोहोचावयास वेळ लागत नाही. सगळे किरण, जवळचे आणि लांबचे, थेट आलेले आणि दहा ठिकाणी आपटून आलेले, एकदमच येतात असे मानावयाचे.

माझ्या विद्यार्थ्याजवळचे सॉफ्टवेअर हे गृहीत सोडून देते. प्रत्येक किरण किती वाट चालून आला हे ते मोजते, आणि त्यावरून तो कोणत्या घटकेला पोहोचला हे टिपून ठेवते. स्पेनमधील सारागोसा विद्यापीठातील आद्रियान हाराबो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली या कामाची एक पद्धतशीर चौकट प्रसिद्ध केली, आणि आज अशी सॉफ्टवेअरे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. मला दुकानदाराच्या वह्या आठवल्या. खात्याची शेवटची शिल्लक पाहिली तर रक्कम कळते; कोणती रक्कम कोणत्या दिवशी आली हे पाहावयाचे तर रोजकीर्द उघडावी लागते. नेहमीचे चित्र म्हणजे शिल्लक, आणि हे नवे चित्र म्हणजे रोजकीर्द. गंमत अशी की रोजकीर्दीतल्या सगळ्या रकमा मिळवल्या तर शिल्लक तीच येते. साधे चित्र खोटे नसते. त्यातल्या तारखा तेवढ्या पुसल्या गेलेल्या असतात.

"आणि सर, शिल्लक लवकर कळते," तो म्हणाला, "पण रोजचा हिशेब लागायला फार वेळ जातो. एका बेरजेसाठी जेवढे किरण पुरतात, तेवढेच हजार रकान्यांत वाटले तर प्रत्येक रकान्यात जेमतेम दोन-चार येतात आणि चित्रात नुसती वाळू दिसते. हे तयार करायला रात्रभर मशीन चालू ठेवलं होतं."

त्याने माझ्यासाठी संगणकात एक देवळी बांधली होती. देवळीत पणती, खाली शेणाने सारवल्यासारखी जमीन, समोर भिंत, आणि मध्ये, गुरूची आठवण म्हणून, एक तांब्या. त्याने बटण दाबले. आधी काळोख. मग पणतीभोवती उजेडाचा एक बुडबुडा फुगू लागला. तो जमिनीला टेकला, तेव्हा जमिनीवर एक उजळ कडे उमटले आणि पाण्यात खडा टाकावा तसे पसरत गेले. तांब्याची पुढची बाजू उजळली. कडे पुढे सरकून समोरच्या भिंतीवर चढले. तांब्याच्या मागे अजून मिट्ट काळोख होता. मग भिंतीवरून एक मंद लाट उलट फिरली, जमिनीवरून माघारी आली, आणि सगळ्यांच्या शेवटी तांब्याच्या पाठीवरची ती बारीक कड हळूच उजळली. वीस वर्षे मी जो उजेड बोटाने दाखवत होतो, तो घरी परत येताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आले हे सांगावयास मला लाज वाटत नाही.

हा उजेड केवढ्या वेगाचा? सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात, ज्याला नॅनोसेकंद म्हणतात, प्रकाश सुमारे एक फूट जातो. ज्या चित्रफितीत प्रकाश सेकंदाला वीतभर सरकताना दिसेल, त्याच चित्रफितीत सेकंदाला ३०० मीटर धावणारी बंदुकीची गोळी पाहू गेलो, तर वीतभर अंतर तोडावयास तिला साडेअकरा दिवस लागतील.

हे सारे पाहून झाल्यावर माझ्या विद्यार्थ्याने माझी परीक्षा घेतली. त्याने एक दुसरे दृश्य काढले. लांबच लांब अंगण, जवळ एक पणती, पार पलीकडच्या टोकाला दुसरी. जवळची पणती आपल्यापासून तीन फुटांवर, दूरची तेवीस फुटांवर. चित्रफीत सुरू झाली. जवळची पणती उजळली. थोड्या वेळाने दूरची उजळली.

"सर, आधी कोणता दिवा लागला?"

"जवळचा. हे काय विचारणं झालं?"

"दूरचा सर. दूरचा मी दहा नॅनोसेकंद आधी लावला होता."

मी पुन्हा पाहिले. पुन्हा जवळचाच आधी लागला. त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. दोन दिव्यांच्या अंतरात वीस फुटांचा फरक. म्हणजे दूरच्या दिव्याच्या उजेडाला वीस नॅनोसेकंद जास्त चालावे लागले. तो दहा आधी निघाला खरा, पण पोहोचला दहा उशिरा. मग त्याने सॉफ्टवेअरला लिहिलेल्या सूचनांत एक शब्द बदलला. आता प्रत्येक ठिकाणापासून डोळ्यापर्यंत येण्याचा वेळ वजा होऊ लागला. चित्रफीत पुन्हा लावली. दूरचा दिवा आधी लागला, जवळचा मागून.

"हे वजा करायला अंतर तू कुठून आणलंस?" मी विचारले.

"दृश्य मीच मांडलंय ना सर. मला सगळी अंतरं ठाऊक आहेत."

तो सहज बोलून गेला आणि शंकरपाळ्याकडे वळला. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबून राहिलो.

हा नुसता संगणकाचा खेळ नव्हे हेही त्यानेच सांगितले. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आहेत. २०११ साली ते आणि त्यांचे सहकारी आंद्रेआस वेल्टेन यांनी खऱ्याखुऱ्या उजेडाची अशी चित्रफीत जगाला दाखवली. सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रे या हिशेबाचा तो कॅमेरा. त्याच्यापुढे पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली आडवी ठेवलेली, आणि तिच्या तळापासून टोपणापर्यंत लेसरच्या उजेडाचा एक गोळा सरकत जाताना दिसतो. या कामात रसायनशास्त्रज्ञ मोंगी बावेंदी यांचीही साथ होती. पुढे २०२३ साली त्यांना दुसऱ्या एका संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चित्रफितीतही हीच अडचण आली. कॅमेरा इतका जलद झाला, की उजेड त्याच्यापर्यंत येण्याचा वेळही त्याला जाणवू लागला. मग जे आधी घडले ते नंतर दिसू लागले, आणि टेबलावरच्या उजेडाच्या लाटा भलत्याच दिशेने जाऊ लागल्या. दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचे अंतर लक्षात घेऊन त्यांना तो क्रम सुधारावा लागला.

मंद डोळ्याला ही चूक होतच नाही, कारण त्याला सगळे एकदम दिसते. नजर तीक्ष्ण झाली की चूक सुरू होते. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे, कारण ते माझ्यासारख्या, स्वतःला फार दिसते असे समजणाऱ्या माणसाविषयी आहे.

आता माझ्या भांडणाकडे येतो. ताईच्या आणि दादांच्या परवानगीने लिहीत आहे.

आमचे शेत वडिलांच्या हयातीतच थोरल्या भावाच्या, दादांच्या, नावावर झाले होते. मी नोकरीवाला, ते शेत करणारे. पण तोंडी वाटणीत त्यातले दोन एकर माझे, हे सगळ्या घराला ठाऊक होते. २०१६च्या उन्हाळ्यात तहसिलीच्या आवारात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला सहज विचारले, "काय मास्तर, दोन एकर काढलं म्हणे?" मला काहीच ठाऊक नव्हते. मी सातबारा काढून पाहिला. दोन एकर विकले गेले होते. त्या संध्याकाळी दादांकडे गेलो. गोठ्यात एक चांगली मोटारसायकल उभी होती, जी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी विचारले, "दादा, माझं शेत विकलंस?" दादा म्हणाले, "हो." मी विचारले, "काहून?" दादा काही बोलले नाहीत. खाटेवर बसून राहिले आणि जमिनीकडे पाहत राहिले.

वाचकांनीच सांगावे, याचा अर्थ मी काय लावावा? विक्री खरी होती. गाडी खरी होती. मौन तर माझ्या डोळ्यांसमोर होते. मी कोणाचे कान भरून घेतले नव्हते, ऐकीव गोष्टीवर विसंबलो नव्हतो. कागद पाहिला, वस्तू पाहिली, माणूस पाहिला. यापेक्षा अधिक पुरावा न्यायाधीशाला तरी कोठे मिळतो? मी उठलो, आणि त्यानंतर सहा वर्षे त्या दारात पाऊल टाकले नाही. २०१९ साली आई गेली. तिच्या तेराव्याला एकाच मांडवात आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून पंगतीला बसलो. जाताना आईने ते पाहिले नाही एवढेच समाधान. पण जिवंतपणी तिने तीन वर्षे पाहिलेच होते.

२०२२च्या भाऊबीजेला ताईने ओवाळण्याआधी ताट खाली ठेवले आणि सांगितले. ताई मेहकरकडच्या एका खेड्यात दिलेली. लागोपाठ दोन वर्षे त्यांचे पीक हातचे गेले होते, कर्ज डोक्यावर बसले होते, आणि २०१५च्या दिवाळीनंतर एका रात्री मेहुण्यांनी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. तिने दादांना फोन केला. दादांनी रातोरात गाडी करून त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेले. मेहुणे वाचले, आज धडधाकट आहेत आणि हा अंक ते वाचतील. पण त्या रात्री ताईने दादांना आपल्या लेकराची शपथ घातली होती, की हे कोणाला कळता कामा नये, मला तर मुळीच नाही. माझा स्वभाव तापट आणि तोंड मोकळे. पुढे देणेकऱ्यांनी घर गाठले तेव्हा दादांनी दोन एकर विकून ते वारले. गोठ्यातली मोटारसायकल मेहुण्यांची होती. कोणी ओढून नेऊ नये म्हणून आणून ठेवलेली.

मी त्याच पावली दादांकडे गेलो. बोलणे फार झाले नाही. दादा एवढेच म्हणाले, "तिनं लेकराची शपथ घातली होती. तुले कसं सांगू?" वहिनींनी चहा ठेवला. भांडण मिटले.

पण माझ्या मनातला प्रश्न मिटला नाही. मी खोटे काही पाहिले नव्हते. मग चुकलो कोठे? आपल्याकडे भ्रमाची चर्चा करताना दोरीवर सर्प दिसल्याचा दाखला देतात. काळोखात दोरी पडलेली असते, माणसाला साप भासतो. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. माझ्या बाबतीत तसे नव्हते. दिवा आणला तरी विक्री विक्रीच राहिली, गाडी गाडीच राहिली. मला दिसले त्यातली एकही वस्तू खोटी ठरली नाही.

उत्तर मला त्या दोन पणत्यांनी दिले. वस्तू खऱ्या होत्या, क्रम खोटा होता. मला विक्री आधी दिसली आणि मौन मागून दिसले. म्हणून ते मौन मी विक्रीचे अपराधी मौन समजलो. खरा क्रम असा, की शपथ आधी, मौन तिच्यामागून, आणि विक्री सर्वांच्या शेवटी. तेच मौन. विक्रीनंतरचे म्हणून वाचले तर चोराचे. विक्रीच्या आधीचे म्हणून वाचले तर दिलेला शब्द पाळणाऱ्याचे. दादांचा चेहरा तोच, खाट तीच, जमिनीकडे लावलेली नजर तीच.

आणि क्रम का उलटला? अंतरामुळे. दादा माझ्याच गावात, माझ्या घरापासून हाकेवर. त्यांच्याकडे काही घडले की त्याचा उजेड त्याच दिवशी माझ्या डोळ्यांत. ताई दूर; आणि तिच्या-माझ्यात तालुक्याचे अंतर होते तसेच माझ्या तापट तोंडाचेही अंतर होते, जे कोसांत मोजता येत नाही. तिच्याकडे जे आधी पेटले ते माझ्यापर्यंत पोहोचावयास सात वर्षे लागली. जवळच्या माणसाचे आपल्याला आधी दिसते, म्हणून ते आधी घडले असे आपण धरून चालतो, आणि म्हणूनच आपल्या रागाचा पहिला घाव नेहमी जवळच्या माणसावर पडतो.

अंतर लक्षात घेऊन क्रम लावण्याची ही बुद्धी शास्त्राला फार जुन्या काळी झाली. १६७६ साली पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर नावाचा एक डॅनिश ज्योतिषी गुरू ग्रहाच्या आयो या चंद्राची ग्रहणे टिपत होता. तो चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो, घड्याळासारखा नेमका. पण पृथ्वी गुरूपासून दूर जात असे त्या महिन्यांत ही ग्रहणे उत्तरोत्तर उशिरा दिसू लागत, आणि ती जवळ येऊ लागली की लवकर. दुसरा कोणी म्हणाला असता की हा चंद्रच अनियमित आहे. रोमरने चंद्राला दोष दिला नाही. त्याने विचारले, मी किती दूर उभा आहे? आणि ताडले, की ग्रहण वेळेवर लागते, त्याची बातमी मात्र वाटेत वेळ घेते. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागत असावीत असा त्याचा हिशेब होता. आज आपण जाणतो की साडेसोळा मिनिटांहून थोडी अधिक लागतात. आकडा चुकला, पण प्रश्न बरोबर विचारला. मी सहा वर्षे चंद्रालाच दोष देत होतो. मी कोठे उभा आहे हे एकदाही विचारले नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, असे असेल तर माणसाने निवाडा करावयाचाच नाही काय? सगळा उजेड पोहोचेपर्यंत थांबावयाचे तर वर्गातल्या दोन पोरांचे भांडणसुद्धा सुटणार नाही. हा आक्षेप खरा आहे. मधल्या सुट्टीत एकाच्या नाकातून रक्त येत असते आणि दुसऱ्याची मूठ वळलेली असते; तेव्हा तास वाजेपर्यंत मला काही तरी ठरवावेच लागते. कित्येकदा मूठ मागून वळलेली असते आणि शिवी आधी दिलेली असते, पण शिवी मला ऐकू आलेली नसते. मी निवाडा करतो. हल्ली एवढेच करतो, की निवाड्याखाली मनातल्या मनात अंतर लिहून ठेवतो. हे मला इतक्या लांबून, अमुक वाजता दिसले. वही बंद करीत नाही. दादांच्या बाबतीत माझा राग चुकला असे मी आजही म्हणत नाही; त्या संध्याकाळी राग यावयास हवाच होता. चूक ही, की मी त्याच संध्याकाळी खाते बंद केले आणि शिल्लक कायमची मांडून ठेवली.

आणि क्रम सुधारला म्हणजे सगळे दोष धुतले जातात असेही नाही. दादांनी दुसऱ्याच्या वाट्याची वस्तू त्याला न विचारता विकली. शपथ पाळावयाची होती, तरी "कारण आहे, सांगता येत नाही," एवढे ते म्हणू शकले असते. ताईने एका माणसाची अब्रू वाचवताना दुसऱ्याची गहाण टाकली. माझा स्वभाव असा, की माझ्या सख्ख्या बहिणीला संकट सांगताना माझीच भीती वाटली. या साऱ्या साखळीत सर्वांत जुनी कडी पाहू गेलो तर ती हीच निघेल. रोजकीर्द उघडली की दुसऱ्याच्या तारखांबरोबर आपल्याही तारखा दिसतात, म्हणूनच आपण ती सहसा उघडत नाही.

माझा विद्यार्थी जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेला. रासकरांच्याच मंडळींनी २०१२ साली कोपऱ्याआडची वस्तू पाहण्याची युक्ती प्रसिद्ध केली. लेसरचा उजेड भिंतीवर सोडावयाचा. तो भिंतीवरून आडोशामागच्या वस्तूवर जातो, वस्तूवरून पुन्हा भिंतीवर येतो, आणि भिंतीवरून कॅमेऱ्यात. तीनदा आपटून आलेला तो उजेड अगदी क्षीण असतो. पण तो कोणत्या क्षणी आला हे अचूक टिपले, तर त्यावरून आडोशामागचा आकार काढता येतो. मी वेगळ्या अर्थाने ऐकत होतो. त्या सहा वर्षांतही माझ्या घराच्या भिंतींवर काही क्षीण उजेड पडत होताच. ताई दर भाऊबीजेला दादांकडे मुक्काम करी आणि माझ्याकडे तासभर येई, तेव्हा दादांचे नाव निघाले की तिचा हात ताटातच थांबे. मेहुणे दादांच्या पाया पडत, वयाने मोठे असून. हे मी पाहिले होते. पण क्षीण उजेड कोणी मोजीत नाही.

या उपमेलाही मर्यादा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाटलीतल्या उजेडाची ती चित्रफीत एका उजेडाची नाही. तो कॅमेरा एका वेळी दृश्याची एक बारीक रेघ पाहू शकतो; म्हणून लेसरचे लक्षावधी एकसारखे ठोके पुन्हा पुन्हा सोडून, रेघेला रेघ जोडून, सुमारे तासाभराच्या श्रमाने ते एका नॅनोसेकंदाचे दृश्य तयार होते. रासकर त्याला जगातला सर्वांत मंद असा वेगवान कॅमेरा म्हणतात. प्रत्येक ठोका पहिल्यासारखाच असतो म्हणून हे साधते. माणसाच्या घरात कोणतीही रात्र दुसऱ्यांदा येत नाही. आणि संगणकातल्या अंगणात सगळी अंतरे आधीपासून ठाऊक असतात, कारण ते अंगण कोणी तरी मांडलेले असते. कादंबरी लिहिताना मीही असाच सर्वज्ञ असतो. कोणते पात्र कोणाला काय केव्हा सांगणार हे मला पहिल्या प्रकरणापासून माहीत असते, आणि वाचकाला मी मुद्दाम उलट क्रमाने दाखवतो. त्या कसबाचा मला थोडा अभिमानही होता. स्वतःच्या घरात मात्र मी लेखक नव्हतो, पात्र होतो. पात्राला अंतरे ठाऊक नसतात. ती त्याला पायांनी चालत जाऊन मोजावी लागतात, आणि माझ्या घरापासून दादांचे घर अवघे दोनशे पावलांवर होते.

लेख लिहून झाला तेव्हा दादांना वाचून दाखवला. ते गोठ्यात बैलाच्या अंगावरून हात फिरवीत ऐकत होते. दोन पणत्यांची गोष्ट मी त्यांना पुन्हा समजावून सांगितली. कोणती आधी लागली, कोणती मागून, आणि आपल्याला उलटे का दिसते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दोनी लागल्या ना? मंग झालं."

मोठ्या मनाच्या माणसाला एवढे पुरते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तारखा विसराव्या, हे त्याला शोभते. ज्याने केला त्याने मात्र त्या लिहून ठेवाव्या, असे मला वाटते. म्हणून मी येथे लिहून ठेवल्या.